चढाईचा मास्तर, मुक्काम मंगफ

मंगफ, शुक्रवार, २२ नोव्हेंबर २०२४

दादा,

नमस्कार लांबूनच करतो, म्हणजे आशीर्वाद द्यायची तुझ्यावर सक्ती नाही.

तू माझे व्हॉट्सॲपचे मेसेज उघडत नाहीस हे मला कळतं, त्या दोन खुणा निळ्या होतच नाहीत. म्हणून हा मार्ग काढला. हे पत्र कुसुमवहिनीच्या मेलवर जाईल, ती कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढेल आणि सकाळच्या चहाबरोबर तुझ्यापुढे ठेवेल. छापलेला कागद वाचल्याशिवाय तुला राहवत नाही. भेळेचा कागदसुद्धा तू उलगडून वाचायचास.

बातमी अशी, की तुझा धाकटा भाऊ वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी कोच झाला आहे. हसू नकोस. कबड्डीचा नाही, अमेरिकन फुटबॉलचा. आपल्या फुटबॉलशी याचं काही नातं नाही. सोललेल्या नारळाएवढा चेंडू, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात घेऊन पळायचं नाहीतर पुढच्याकडे फेकायचा. डोक्याला हेल्मेट, खांद्याला पॅड, आणि समोरचे अकरा जण तुम्हाला आडवं करायला टपलेले. चार संधींत दहा यार्ड पुढे सरकलात तर आणखी चार संधी मिळतात, नाहीतर चेंडू समोरच्यांना.

यात मी कसा पडलो? तुझ्या मयूरमुळे. दोन वर्षांपूर्वी तू मला न कळवता त्याला इथे कुवेतला नोकरीला पाठवलंस (फोन वहिनीने केला, तुझा आवाज मागे ऐकू येत होता). तेव्हापासून दर शुक्रवारी तो आमच्याकडे जेवतो. एका शुक्रवारी त्याला आणायला मी तो हा खेळ खेळतो त्या रिग्गईच्या मैदानावर गेलो, तर त्याच्या संघाचे तीन गडी पळत पळत एकाच जागी जाऊन एकमेकांवर आपटले. मला बघवेना. तुला माहीत आहे, प्लांट बंद करून दुरुस्त करायचा असला की कोणता व्हॉल्व्ह आधी, कोणता माणूस कुठे, कोण कोणाच्या वाटेत येणार नाही, हे ठरवणं ही माझी पंचवीस वर्षांची नोकरी. मी टिश्यू पेपरवर तीन रेघा मारून दाखवल्या. मुख्य कोच म्हणजे इथल्या एका शाळेतला अमेरिकन पीटीचा मास्तर. त्याने तो कागद दोनदा बघितला आणि म्हणाला, आजपासून ऑफेन्स तुझा.

ऑफेन्स म्हणजे चढाई. चेंडू आपल्याकडे असताना कोणती चाल खेळायची, कोणी कुठे पळायचं, कोणी कोणाला अडवायचं, हे सगळं मी ठरवतो आणि क्वार्टरबॅकला कळवतो. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा आणि बाकीच्या दहांना हाकणारा. आमचा क्वार्टरबॅक मयूर.

तर आता तुझ्यासारखा मीही कोच. १९९३ च्या कबड्डीच्या फायनलला तू मला आपल्या मंडळाच्या संघातून बाहेर बसवलंस, उल्हासला चढाईला पाठवलंस आणि दोन गुणांनी हरलास. मी असतो तर जिंकलो असतो, हे मी कुवेतात भेटेल त्याला सांगत आलोय. लग्नापासून ऐकून ऐकून चारुशीलाला ती गोष्ट इतकी पाठ आहे की मी श्वास घ्यायला थांबलो तर पुढचं वाक्य ती म्हणते. संघ कसा चालवायचा असतो, ते आता बघ.

जयू

मंगफ, शनिवार, १४ डिसेंबर २०२४

दादा,

वहिनीने कळवलं की तू पत्र वाचलंस, लाल पेनने माझ्या शुद्धलेखनाच्या सात चुका काढल्यास आणि कपाटात ठेवलंस. सात म्हणजे काही वाईट नाही. शाळेत असताना पानाला वीस काढायचास.

आम्ही तीन सामने खेळलो आणि तिन्ही जिंकलो! आता कारण सांगतो, पण कोणाला सांगू नकोस.

बाकीचे कोच चाल कळवायला नंबराच्या पाट्या दाखवतात, हातवारे करतात, समोरचे ते हळूहळू ओळखतात. माझ्या डोक्यात आलं, की आमचा क्वार्टरबॅक नाशिकचा, मी नाशिकचा, आणि मैदानावर बाकी सगळे अरब, अमेरिकन, फिलिपिनो, लेबनीज. मग लपवायचं कशाला? मी कडेला उभा राहून सरळ ओरडतो, "मयूर, त्यांचा डावा कोपरा झोपलाय, हमजाला तिकडून लांब पळव!" समोरचे माझ्या तोंडाकडे बघत राहतात. मुख्य कोच तर म्हणतो, असा कोड त्याने अमेरिकेतसुद्धा बघितला नाही.

हमजा म्हणजे आमचा सर्वांत चपळ गडी. बाप जॉर्डनचा, जन्म इथला, सालमियात चष्म्याच्या दुकानात काम करतो. तो मयूरचा राखीव क्वार्टरबॅकही आहे, पण मराठी येत नाही म्हणून त्याची पाळी येत नाही. बिचाऱ्याने चारुशीलाकडून 'पळ' आणि 'थांब' एवढे दोन शब्द शिकून घेतलेत. ती त्याला तिसरा शिकवत होती, 'जेव'.

मयूर बेस्ट आहे, दादा. माझं वाक्य संपायच्या आत त्याचा हात वर जातो. तू त्याला चौथीपासून मैदानावर नेत होतास, ते कामी आलं. एवढं श्रेय घे.

काल आम्ही जिंकल्यावर तो म्हणाला, "काका, बाबांना व्हिडिओ पाठवू का?"

मी म्हटलं, "पाठव की. मला काय त्याचं."

पाठवला असेल. बघितलास का?

जयू

मंगफ, शनिवार, ११ जानेवारी २०२५

दादा,

हरलो. नुसते हरलो नाही, धुलाई झाली. आणि कशी झाली ते वाचून तू खूश होशील, म्हणून सविस्तर लिहितो.

सामना एगैलाच्या संघाशी होता. त्यांच्या बचावाचा कोच म्हणजे साठीचा एक माणूस, पांढरी दाढी, डोक्यावर टोपी, घडीच्या खुर्चीवर थर्मास घेऊन बसलेला. ओळख झाली तेव्हा त्याने नाव सांगितलं, यूसुफ. मी आपल्या मोडक्या अरबीत खुशाली विचारली, "कैफ हालक?" तो म्हणाला, "अल्हम्दुलिल्ला." संपलं. मी मनात त्याला इजिप्तचा करून टाकला आणि माझ्या जागी येऊन उभा राहिलो.

पहिल्या चालीला मी ओरडलो, "मयूर, उजवीकडून!" त्यांचे चार गडी उजवीकडे. मी म्हटलं, योगायोग. मग "मधून घुस!" तर मध्ये भिंत उभी. तिसऱ्या वेळी मी मुद्दाम हळू म्हटलं, तर त्या म्हाताऱ्याने हात कानामागे धरला. मयूरने फेकलेले तीन चेंडू त्यांनी हवेतल्या हवेत पकडले. तरी माझी ट्यूब पेटली नाही. मध्यंतरात मी आमच्याच पोरांना झापत होतो, कोणीतरी चाली फोडतंय म्हणून.

सामना संपल्यावर तो माणूस थर्मास घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काय वो, तुमी नाशिकचे काय?"

मला तोंड मिटता येईना.

"मी दापोलीचा," तो म्हणाला. "एकतीस वर्षं झाली कुवेतात. आमच्या घरात हीच बोली चालते. मी मध्यंतरात सांगणार होतो तुमाला, की जरा हळू बोला. पण मग म्हटलं, पयले हरवून घेऊ, मग सांगू." आणि त्याने मला चहा ओतून दिला. चहा चांगला होता, हे मला कबूल करावं लागतं.

दादा, मला लाज वाटली. हरल्याची नाही. तीस वर्षं या देशात राहून मला वाटत होतं की मराठी म्हणजे आमच्या इथल्या मंडळाच्या दिवाळी फराळाला येणारे दोनशे लोक. दाढी बघितली, नाव ऐकलं आणि मी ठरवून मोकळा झालो. चारुशीला सामना बघायला आली होती. घरी आल्यावर दार उघडताना म्हणाली, "कुवेतात कोकणातली निम्मी माणसं यूसुफ आणि याकूब नावाची आहेत, जयप्रकाश. तू कोणत्या देशात राहतोस?"

तेव्हा आता मराठी बंद. बाकीच्यांसारख्या पाट्या.

जयू

मंगफ, शनिवार, २५ जानेवारी २०२५

दादा,

वहिनीच्या मेलखाली एक ओळ आली. "पोराला विचार, फेकण्याआधी तो कुठे बघतो." खाली नाव नव्हतं, पण असं हुकूम सोडल्यासारखं दुसरं कोण लिहिणार? बत्तीस वर्षांत तू मला लिहिलेली ही पहिली ओळ. मी ती चारुशीलाला तीनदा वाचून दाखवली.

मग सगळे व्हिडिओ लावून बसलो. तुझं म्हणणं खरं आहे. चेंडू हातात आला की मयूर क्षणभर मैदान सोडून कडेला बघतो. माझ्याकडे. काका काही बोलतायत का, म्हणून. मराठी चालू होती तोवर ते खपून गेलं. आता मी पाटी वर धरतो आणि गप्प उभा राहतो, तरी तो बघतोच. तेवढ्या वेळात समोरचा गडी त्याच्या अंगावर येतो. हे त्याचं चुकलं नाही. ही सवय मीच लावली.

हमजा माझ्याकडे बघतच नाही. त्याला माझं बोलणं कधी कळलंच नाही ना! तो समोरच्यांचे पाय बघतो. सरावात मी दिलेली चाल त्याने दोनदा स्वतः बदलली. मी ओरडलो, तर तो म्हणाला, "कोच, त्यांचा माणूस आधीच हलला होता." खरंच हलला होता.

काल उपांत्य सामना आम्ही मयूरला घेऊन कसाबसा जिंकलो, तोही समोरच्यांच्या चुकीने. आता सात फेब्रुवारीला फायनल, एगैलाशीच. यूसुफभाई मला मंगफच्या सुपरमार्केटात भेटले तेव्हा म्हणाले, "पोरगा तुमच्याकडं फार बघतो हा."

त्यांनाही दिसलंय. म्हणजे ते त्यावरच खेळणार.

दादा, मी काय करायला हवं ते मला स्वच्छ दिसतंय आणि ते करायची माझी बिलकूल इच्छा नाही. मुख्य कोच म्हणतो, ऑफेन्स तुझा, क्वार्टरबॅक तू ठरव. मी जर तुझ्या मुलाला फायनलला बाहेर बसवलं, तर तू काय म्हणशील हे मला आत्ता ऐकू येतंय. जयूने बत्तीस वर्षांनी उट्टं काढलं, आणि तेही माझ्या पोरावर. तू असं म्हणालास तर मी तुला दोष देणार नाही. मीही हेच म्हणालो असतो. आता कुठे तुझी एक ओळ आली आहे, दादा. ती मला शेवटची ठरायला नको आहे.

जयू

मंगफ, गुरुवार, ६ फेब्रुवारी २०२५

दादा,

उद्या हमजा खेळेल.

आज कामावरून येताना मयूरला गाडीत बसवलं आणि जमियापाशी गाडी उभी करून सांगितलं. जमिया म्हणजे आमच्या वस्तीचं सहकारी दुकान. तिथे का थांबलो ते मला विचारू नकोस. घरी चारुशीलासमोर सांगायचा धीर झाला नाही, आणि मैदानावर सगळ्यांसमोर सांगायचं नव्हतं. तू मला शाळेच्या फळ्यावर लावलेल्या यादीतून कळू दिलंस, आठवतं? सगळं मंडळ माझ्या मागे उभं राहून वाचत होतं. मी तेवढी चूक तरी टाळली.

त्याने सीटबेल्ट काढला. मग म्हणाला, "काका, हमजा माझ्यापेक्षा चांगला आहे का?"

मी म्हटलं, "ही मॅच वेगळी आहे. त्यांचा बचाव वेगळा आहे."

"मी ते नाही विचारलं."

"त्यांना तुझी सवय कळली आहे, म्हणून या मॅचपुरतं."

"बाबांना सांगितलंत?"

"नाही."

"मग तुम्हीच सांगा," असं म्हणून तो उतरला आणि चालत गेला. त्याची पाण्याची बाटली माझ्या गाडीत राहिली आहे.

म्हणून सांगतोय. फायनल यूट्यूबवर लाइव्ह दिसणार आहे. तुमच्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसहा असतील. लिंक वहिनीला पाठवली आहे. तू बघावंस असा आग्रह नाही. शिव्या द्यायच्या असतील तर मात्र बघून दे.

जयू

मंगफ, मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

दादा,

शुक्रवारी तुझा फोन आला आणि आपण चाळीस मिनिटं भांडलो. चारुशीला स्वयंपाकघरातून दोनदा बघून गेली आणि दुसऱ्यांदा माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवून गेली. तिला वाटलं घरात कोणीतरी गेलं.

तुझा नंबर स्क्रीनवर दिसला तेव्हा मला वाटलं, आता मयूरवरून ऐकून घ्यायचं. तर तू हॅलोसुद्धा न म्हणता म्हणालास, "अरे गाढवा, किक मारायची होती!"

फोनवर तू मला बोलू दिलं नाहीस, म्हणून आता लिहून देतो. शेवटच्या मिनिटाला हमजाने मैदानाच्या टोकापर्यंत चेंडू नेला आणि आम्ही वीस-एकवीसवर आलो. आता दोन रस्ते. सोपी किक मारली तर एक गुण, म्हणजे बरोबरी. किंवा एक अवघड चाल, जमली तर दोन गुण आणि विजय. मुख्य कोचने माझ्याकडे बघितलं. पोरं दमली होती, जादा वेळेत आमचा टिकाव लागला नसता. मी चाल दिली. हमजाने ती ओळीवर उभं राहून बदलली आणि बरोबर बदलली, कारण त्यांचा माणूस मी धरलेल्या बाजूला केव्हाच सरकला होता. चेंडू आमच्या गड्याच्या दोन्ही हातांत नेमका पडला आणि तिथून निसटला. एका गुणाने हरलो. हमजा त्या दिवशी जसा खेळला तसं आमच्या संघात कोणीच कधी खेळलेलं नाही.

मी तुला म्हटलं, "दादा, तुला किक म्हणजे काय ते तरी माहीत आहे का?"

तू म्हणालास, "पाच पत्रं पाठवलीस ना? मी काय ती रद्दीत घातली?"

आणि मग तू मला माझाच खेळ शिकवायला लागलास! दुसऱ्या भागात डावीकडून का खेळला नाहीस, त्या ठेंगण्या गड्याला सारखं का पळवलंस. मी ओरडत होतो, तू ओरडत होतास. तीस-बत्तीस वर्षं आपण लग्नात आणि तेराव्याला भेटून 'तब्येत कशी', 'बरी' एवढंच बोलत आलो. शुक्रवारी तू मला तीन वेळा गाढव म्हणालास. मी फोन ठेवून रडलो, हे चारुशीलाला माहीत आहे. ती सांगेलच वहिनीला, म्हणून आधी मीच सांगतो.

पण मयूरचं नाव तू एकदाही काढलं नाहीस.

मैदानावरून निघताना सगळे म्हणत होते, मयूर असता तर जिंकलो असतो. आमच्या बचावाचे पोरगे म्हणाले, पार्किंगमधला राखणदार म्हणाला, शेवटी गाडीत बसताना चारुशीलाही म्हणाली. मी कोणाला काय उत्तर देणार? मयूर तर खेळलाच नाही, मग तो हरलाही नाही. मी गप्प बसलो आणि गाडी चालवत असताना मला एकदम तू दिसलास. त्र्याण्णव सालापासून मी हेच बोलत आलो, आपल्या अण्णांसमोर, सगळ्या नातेवाइकांसमोर, तुझ्या लग्नाच्या पंगतीतसुद्धा. आणि तू दर वेळी खाली मान घालून ऐकून घेतलंस. मला वाटायचं, याच्याकडे उत्तरच नाही.

उत्तर होतं ना, दादा? मयूरने मला गाडीत विचारलं तेव्हा माझ्याकडेही होतं. एका शब्दाचं. ते माझ्या जिभेवर आलं आणि मी गिळलं, कारण समोर माझ्याच घरातलं पोर बसलं होतं. तू ते बत्तीस वर्षं गिळलंस.

मी चढाईला जाताना तुझ्याकडे बघायचो. मध्यरेषा ओलांडायच्या आधी एकदा, परत यायच्या आधी एकदा. दादा बघतोय ना, दादाला आवडलं ना. उल्हास कधीच बघत नसे. तो समोरच्यांचे पाय बघायचा. मयूरच्या बाबतीत तुला ती गोष्ट दोन हजार मैलांवरून, वहिनीच्या मोबाइलवर दिसली, मग माझ्या बाबतीत सहा फुटांवरून दिसली नसेल असं कसं होईल?

काल मयूर आला. चार दिवस आला नव्हता. आला तो सरळ स्वयंपाकघरात जाऊन ताट घेऊन बसला. चारुशीलाने आमटी वाढली. मी त्याच्या शेजारी बसलो आणि म्हटलं, "मयूर, त्या दिवशी तू जे विचारलंस त्याचं उत्तर हो असं आहे. हमजा तुझ्यापेक्षा चांगला आहे."

त्याने घास संपवला. मग म्हणाला, "माहीत होतं, काका. तेव्हाच माहीत होतं. तुम्ही म्हणता का, ते बघत होतो."

मलाही तेव्हाच माहीत होतं, दादा, त्या फळ्यापुढे उभा असताना.

जयू